चहाचा कप आणि तीन अक्षरं: बी.एस्सी. नर्सिंगच्या एका विद्यार्थिनीचं प्रकरण

मी एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या नर्सिंग महाविद्यालयात क्लिनिकल इन्स्ट्रक्टर आहे, म्हणजे मुलींना वॉर्डात प्रत्यक्ष काम शिकवते. हे प्रकरण आमच्याच एका विद्यार्थिनीचं. ओळख पटू नये म्हणून गाव, वर्ष आणि काही तपशील गाळले आहेत. तिला इथे रेखा म्हणते. तिच्या परवानगीनं लिहिलंय. मजकूर तिनं वाचला आणि एके ठिकाणी दुरुस्ती सांगितली, ती पुढे येईल.

पार्श्वभूमी

रेखा मराठवाड्यातली. आईवडील ऊसतोडीला जाणारे. दिवाळीच्या आसपास गाव सोडायचं आणि कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, परतायचं, हे घरचं वर्ष. ती आणि धाकटा भाऊ आजीजवळ राहून शिकले. सातवीपर्यंत जिल्हा परिषदेची शाळा, पुढे तालुक्याच्या गावी. बारावी सायन्सला वर्गात दुसरी आली. पुस्तकं इंग्रजी होती, पण सर शिकवायचे मराठीत आणि उत्तरं पाठ करून जायची. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्याहून जास्त मुली असंच शिकून येतात, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. सीईटी दिली, यादीत नाव लागलं, घराण्यात पहिल्यांदाच कुणीतरी पदवीला गेलं.

आमचं महाविद्यालय नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे. १९९८ साली स्थापन झालेलं हे विद्यापीठ राज्यभरातली वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, नर्सिंग अशी महाविद्यालयं एका छताखाली आणतं. अभ्यासक्रम मात्र भारतीय परिचर्या परिषदेनं ठरवलेला असतो. २०२१ मध्ये राजपत्रात आलेल्या नव्या नियमांनी बी.एस्सी. नर्सिंगची जुनी वार्षिक पद्धत गेली आणि आठ सेमिस्टर आली. शिकवण्याचं माध्यम इंग्रजी. थिअरीत आणि प्रॅक्टिकलमध्ये वेगवेगळे ५० टक्के मिळवावे लागतात, इंग्रजी विषयाला ४० टक्के पुरतात. हजेरी ८० टक्के, आणि पदवी हातात पडण्याआधी क्लिनिकलचे तास शंभर टक्के पूर्ण हवेत.

इंग्रजीच्या त्या ४० टक्क्यांनी आमची दिशाभूल केली. रेखा इंग्रजीत पास झाली होती. रजेचा अर्ज, प्राचार्यांना पत्र, एक उतारा, सगळं पाठ. त्यामुळे 'हिला इंग्रजी येत नाही' असं आमच्यापैकी कुणाच्याही मनात आलं नाही.

अडचण कशी दिसली

पहिल्या सेमिस्टरच्या निकालात ती अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीच्या एकत्र पेपरात नापास झाली. सोशिऑलॉजी-सायकॉलॉजी काठावर सुटली. प्रॅक्टिकलला मात्र चांगले गुण होते. बेड मेकिंग, टीपीआर (ताप, नाडी, श्वास मोजणं), बीपी, स्पंजिंग (अंग पुसून घेणं) या सगळ्यात हात बसलेला. वॉर्डातल्या इन्चार्ज सिस्टर म्हणायच्या, "ही पोरगी पेशंटजवळ गेली की पेशंट बोलायला लागतो."

स्टाफरूममध्ये आमचं निदान ठरून गेलं: हात चांगला, डोकं कमी. तसं स्पष्ट म्हणालं कुणी नाही. 'थिअरीत वीक' असा शब्द वापरला, अर्थ तोच.

आता मागे वळून पाहते तेव्हा एक खूण तेव्हाच समोर होती असं दिसतं. तिच्या केअर प्लॅनच्या वहीत, म्हणजे कोणत्या पेशंटची काय शुश्रूषा करायची हे लिहायच्या वहीत, पाय मोडलेल्या एका म्हाताऱ्या बाबांचा प्लॅन होता. ट्रॅक्शनमध्ये, म्हणजे वजन लावून पाय ताणलेल्या स्थितीत, पडून असलेला पेशंट. आणि नर्सिंग डायग्नोसिस लिहिलं होतं 'इनइफेक्टिव्ह एअरवे क्लिअरन्स', म्हणजे श्वासमार्गात कफ अडकून राहणं. पुढे उपाय: वाफ द्या, खोकायला शिकवा, चेस्ट फिजिओथेरपी करा. बाबांना खोकला नव्हताच. त्यांना दुखत होतं, कूस बदलता येत नव्हती, पडून पडून पाठीला बेडसोअर, म्हणजे जखम, होण्याची भीती होती. सीनियर मुलीच्या वहीतून न्यूमोनियाचा प्लॅन जसाच्या तसा उतरवला होता.

त्या पानाखाली लाल शाईत माझी सही आहे. तारखेसकट. मी ते पान न वाचता सही केली. त्या दिवशी माझ्यापुढे वह्यांचा ढीग होता हे खरं आहे. कागदावर दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असं प्रमाण आहे, वॉर्डात प्रत्यक्षात किती मुली माझ्या मागे असतात हे माझ्या पेशातल्या कुणालाही सांगायला नको. तरीही ती सही माझीच आहे, आणि या प्रकरणातला पहिला चुकलेला निर्णय तोच.

चहाचा कप

दुसऱ्या सेमिस्टरच्या सुरुवातीला सर्जिकल वॉर्डात पोस्टिंग होतं. हर्नियाच्या ऑपरेशनसाठी एक गृहस्थ दाखल होते, सकाळच्या लिस्टमध्ये दुसरा नंबर. केस पेपरवर रात्रीपासून 'एनबीएम' लिहिलेलं. निल बाय माउथ, तोंडाने काही द्यायचं नाही.

सकाळी साडेसातला त्यांच्या पत्नी थर्मास घेऊन आल्या. रेखा शेजारच्या पलंगाची चादर बदलत होती.

"ताई, ह्यांना चहा देऊ का? रात्रीपासून उपाशीच हायेत."

रेखानं केस पेपर उचलून पाहिला. तिन्ही अक्षरं वाचली. समजली नाहीत. विचारायला जवळ कुणी नव्हतं, इन्चार्ज सिस्टर पाळी बदलतानाच्या हँडओव्हरमध्ये होत्या. ती म्हणाली, "द्या थोडा."

दोन घोट गेले असतील तेवढ्यात स्टाफ सिस्टरनं पाहिलं आणि कप काढून घेतला. भूलतज्ज्ञांना लगेच कळवलं. दूध घातलेल्या चहाला साधारण सहा तासांचं अंतर लागतं. पाणी किंवा दुधाविना चहा असता तर दोन तासांवर भागलं असतं. त्यांनी ऑपरेशन दुसऱ्या दिवशी ढकललं. पेशंटला इजा झाली नाही. पण एक रात्र जास्त, एक उपास जास्त, आणि सोबत आलेल्या मुलाचा आणखी एक रोज बुडाला.

सकाळी दहा वाजता रेखा प्राचार्यांच्या केबिनमध्ये उभी होती. तिच्याकडून माफीनामा लिहून घेतला. "माझ्या निष्काळजीपणामुळे" अशी सुरुवात तिला सांगितली गेली, तिनं ती तशी उतरवली. वॉर्डात अशा घटनेसाठी छापील फॉर्म असतो: काय घडलं, कुठे, पेशंटवर काय परिणाम झाला. तो कुणी भरला नाही. भरला असता तर पुढच्या दोन गोष्टी त्याच दिवशी उघड्या पडल्या असत्या. त्या पलंगावर 'काही देऊ नये' असा बोर्ड टांगलेला नव्हता. आणि त्या बाईंना रात्री कुणी मराठीत सांगितलंच नव्हतं की सकाळी चहासुद्धा चालणार नाही. सांगितलं असतं तर त्यांनी थर्मास आणलाच नसता.

वडिलांना फोन

त्याच दुपारी महाविद्यालयातून तिच्या वडिलांना फोन गेला. 'मुलगी नापास झालीये, आता वॉर्डात गंभीर चूक झालीये, येऊन भेटा.' रेखाशी बोलायच्या आधी. मी तिथे होते, मीही अडवलं नाही.

वडील तेव्हा पश्चिम महाराष्ट्रात एका कारखान्याच्या फडावर होते. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकजण निघून गेला की दुसऱ्याचंही काम थांबतं, आणि मुकादम खाडा धरतो, म्हणजे त्या दिवसाचे पैसे तर जातातच, वर आगाऊ दिलेल्या उचलीच्या हिशेबात दंडही लावतो. हे आम्हाला माहीत असायला हवं होतं, कारण आमच्या कितीतरी मुलींच्या घरी हेच आहे. रात्रभर प्रवास करून ते सकाळी आले. सोबत चुलते.

वडील हात जोडून एवढंच म्हणाले, "मॅडम, लेकरू हुशार होतं ओ. काय झालं कळंना." चुलत्यांचं ठरलेलं होतं: घेऊन जायचं. एक स्थळ आलेलं होतं.

माझ्या पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं की रेखा त्या वेळी रडत होती. तिनं ते खोडायला लावलं. "मॅडम, मी रडले नव्हते. मी चिडले होते. मला कुणी विचारलंच नव्हतं काय झालं ते."

तो एक प्रश्न

ते लोक व्हरांड्यात बसलेले असताना मी तिला प्रात्यक्षिक खोलीत नेलं. रागावण्याचा माझा विचार होता हे कबूल करते. विचारलं, "ऑपरेशनच्या आधी पेशंटला उपाशी का ठेवतात, एवढंसुद्धा माहीत नाही तुला?"

ती म्हणाली, "माहितीये की. भूल दिली की गिळायचं, खोकायचं भान जातं. पोटात काही असलं आणि ते उलटून वर आलं तर श्वासनळीत उतरतं, फुप्फुसात जातं. मणक्यात भूल द्यायची असली तरी उपाशीच ठेवतात, कारण ऐनवेळी पूर्ण भूल द्यावी लागली तर."

मी गप्प झाले. हे उत्तर दुसऱ्या सेमिस्टरच्या मुलीकडून इतकं नेमकं मी क्वचित ऐकलंय.

"मग चहा द्या का म्हणालीस?"

"तिथं उपाशी ठेवा असं कुठं लिहिलं होतं मॅडम?"

मग मी किडनीचं विचारलं, ज्या प्रश्नावर पेपरात तिला शून्याच्या जवळपास मिळालं होतं. मराठीत सांग म्हटलं. तिनं सांगितलं: रक्त आधी गाळून घ्यायचं, अगदी ढोबळ, कामाचं-बिनकामाचं सगळं एकत्र खाली येतं. मग नळीतून जाताना कामाचं परत आत ओढून घ्यायचं. दिवसाला १८० लिटर गाळलं जातं, पण लघवी दीड लिटरच होते, बाकी सगळं परत. नेफ्रॉनचं, म्हणजे किडनीतल्या त्या गाळणाऱ्या नळीचं, काम यापेक्षा सोपं करून मलाही सांगता येणार नाही. उत्तरपत्रिकेत त्याच प्रश्नाखाली एक ओळ होती, किडनी घेवड्याच्या बीसारखी दिसते अशा अर्थाची इंग्रजी, आणि खाली अर्धं पान कोरं.

पर्याय काय होते

त्या दिवशी दुपारपर्यंत काहीतरी ठरवायचं होतं, कारण वडिलांना संध्याकाळची गाडी पकडून फडावर परतायचं होतं.

चुलत्यांचा पर्याय म्हणजे प्रवेश रद्द. कागदपत्रं परत घ्यायची आणि घरी. कुणीही उघड बोललं नाही तरी घरी म्हणजे लग्न हे खोलीत सगळ्यांना माहीत होतं.

प्राचार्यांनी जीएनएम सुचवलं. तीन वर्षांचा डिप्लोमा, प्रॅक्टिकलवर भर, आणि नंतर हवं तर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक करून हीच पदवी. चांगल्या मनानं सुचवलं होतं आणि जीएनएम झालेल्या सिस्टरांच्या जोरावरच आपली रुग्णालयं चालतात, तेव्हा तो काही कमीपणाचा रस्ता नव्हे. पण हिशेब केला तर चार वर्षांची पाच होत होती, वर गेलेलं वर्ष वेगळं. आणि मुख्य म्हणजे केस पेपर तर तेच राहणार होते. एनबीएम तिथेही एनबीएमच लिहितात. अडचण सोबत घेऊनच तिथे जायचं, मग जायचं कशाला?

एका सहकाऱ्यानं सहा महिने गॅप घेऊन इंग्रजीचा क्लास लावायला सांगितलं. मला त्यात धोका दिसला. त्या घरात सहा महिन्यांचा गॅप परत येण्यासाठी असला तरी तो तसा राहिला नसता.

चौथा पर्याय, केटी घेऊन पुढे चालू ठेवायचं. नियमानुसार मागचा विषय राहिला तरी पुढच्या सेमिस्टरला बसता येतं, पण पाचव्या सेमिस्टरच्या परीक्षेआधी मागचं सगळं सुटलेलं हवं. म्हणजे मुदत होती. अट एवढीच की ही मुदत आपण कशी वापरणार हे आम्हाला सांगता आलं पाहिजे.

वडिलांशी मी बोलले. चुलते मध्ये बोलत राहिले. शेवटी मी रेखाला आत बोलावलं आणि म्हटलं, किडनीचं बाबांना सांग. तिनं सांगितलं. वडील ऐकत राहिले. मग म्हणाले, "आता कारखाना सुटंस्तोर तरी राहू द्या हिला. तवा बघू."

त्यांनी दिलेली मुदत एवढीच होती, गळीत हंगाम संपेपर्यंतची. आम्ही तीच धरली.

काय केलं, त्यातलं काय फसलं

पहिला उपाय फसला. संध्याकाळी वसतिगृहात इंग्रजीचा जादा तास ठेवला. टेन्स, अ‍ॅक्टिव्ह-पॅसिव्ह, निबंध. सकाळी सातला वॉर्ड, दुपारी लेक्चर, आणि रात्री आठला व्याकरण. मुली पेंगायच्या. दीड महिन्यानं आम्हीच बंद केलं. पेशंटच्या कागदावर 'ही वॉज गोइंग' कधी लिहिलेलं नसतं. तिथे तुटक शब्द असतात, लघुरूपं असतात, डॉक्टरांचं अक्षर असतं.

दुसरं जमलं. तिला एक वही दिली आणि तीन रकाने पाडायला लावले. पहिल्यात केस पेपरवर दिसलेलं जसंच्या तसं अक्षर, दुसऱ्यात त्याचं पूर्ण रूप, तिसऱ्यात ते पेशंटला किंवा नातेवाइकाला कसं सांगशील ते मराठीत. दिवसाला दहा, आणि पुस्तकातून उतरवलेलं चालणार नाही, त्या दिवशी वॉर्डात डोळ्यांनी पाहिलेलंच हवं. पहिल्या पानावर पहिली ओळ तिनं आपणहून एनबीएम लिहिली. तिसऱ्या रकान्यात: 'पाण्याचा थेंबसुद्धा नाही, चहा तर नाहीच, भूल उतरून डॉक्टर सांगेपर्यंत.'

मग औषध कधी द्यायचं ते सांगणारी लघुरूपं: बीडी, टीडीएस, एचएस, एसओएस, स्टॅट. एचएसपुढे तिनं लिहिलं 'झोपताना', आणि खाली बारीक अक्षरात 'आजी आठला झोपते, तेव्हा वेळ विचारून घे'. असे शेरे वाचून मला फार बरं वाटायचं. लघुरूपांचे धोकेही या वहीतच आले. इन्सुलिनच्या ऑर्डरमध्ये युनिटसाठी नुसतं इंग्रजी 'यू' लिहिलं तर घाईत ते शून्यासारखं दिसतं आणि चाराचे चाळीस होतात, म्हणून युनिट हा शब्द पूर्ण लिहायचा. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, पण डोळ्यांच्या वॉर्डात तेच अक्षर उजव्या डोळ्यासाठी येतं. शंका आली की थांबायचं आणि विचारायचं. हे शेवटचं तिच्या अंगी यायला वेळ लागला. माफीनाम्यानंतर कितीतरी दिवस ती विचारायलाच घाबरायची, कारण विचारलं की येत नाही हे उघड होतं.

तिसरा उपाय योगायोगानं सापडला. तिच्याच वर्गात एक मुलगी होती, मुंबईच्या उपनगरात वाढलेली, घरी मल्याळम, शाळा इंग्रजी, बाहेर हिंदी. पेपरात पहिली यायची आणि वॉर्डात गोंधळायची. एकदा एक बाई तिला म्हणाल्या, "उन्हाळी लागलीय." हिनं केस शीटवर लिहिलं, उन्हाचा त्रास. त्यांना लघवीला जळजळ होत होती. दुसऱ्या एक बाई म्हणाल्या, "अंगावरून जातंय." या मुलीला काहीच बोध झाला नाही. रेखानं समजावलं: त्याचे दोन अर्थ होतात, पाळीचं रक्त किंवा पांढरं जाणं, आणि कोणतं ते विचारावंच लागतं, किती दिवस आणि किती घड्या बदलाव्या लागतात तेही. आणि चारचौघांत विचारायचं नाही, पडदा ओढून, आवाज खाली घेऊन.

दोघींची एकत्र जोडी लावली. पेशंटशी रेखा बोलायची, दुसरी ऐकून इंग्रजीत टिपायची, मग बाहेर येऊन अदलाबदल. कळ मारणं, मुरडा येणं, भोवळ, धाप, कसनुसं होणं, या प्रत्येकाला केस शीटवर काय लिहायचं यावर दोघी भांडायच्या. 'कसनुसं'ला इंग्रजी शब्द त्यांना शेवटपर्यंत मिळाला नाही. त्यांनी असं ठरवलं की पेशंटचा शब्द अवतरणात तसाच लिहायचा आणि पुढे काय काय विचारलं ते लिहायचं. नर्सिंगमध्ये रुग्णाचं म्हणणं रुग्णाच्या शब्दांत नोंदवायचं असतं, हे आम्ही वर्गात दर वर्षी शिकवतो. ते त्या दोघींनी वापरून दाखवलं.

केअर प्लॅनची पद्धत मी माझ्यापुरती बदलली. पलंगाशेजारी उभं राहून आधी मराठीत विचारायचं: या माणसाला आत्ता सगळ्यात जास्त त्रास कशाचा आहे? त्याचं उत्तर आल्यावरच वही उघडायची. सही करायला जास्त वेळ लागतो. वह्या उरतात, घरी न्याव्या लागतात.

परीक्षेसाठी एक साधी युक्ती केली. प्रश्न वाचला की आधी आकृती काढायची, तिला नावं द्यायची, आणि ती नावं जोडत लहान लहान वाक्यं लिहायची. सुंदर वाक्य नको, बरोबर वाक्य हवं. तिच्या डोक्यात नेफ्रॉन होताच, तो कागदावर उतरायला फक्त पायऱ्या हव्या होत्या.

कारखाना सुटला, वडील गावी जाताना वसतिगृहाच्या फाटकापर्यंत आले. चुलते नव्हते. स्थळाचं काय झालं हे मी विचारलं नाही, त्यांनीही काढलं नाही. धाकट्या भावाच्या हाती तिच्यासाठी ज्वारीच्या लाह्यांची पिशवी होती.

पुढे काय झालं

दुसऱ्या सेमिस्टरचे सगळे विषय सुटले. अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी पुढच्या प्रयत्नातही राहिली, चार गुणांनी. त्या निकालाच्या दिवशी मला वाटलं की आपण हिला उगाच अडकवून ठेवलं. तिसऱ्या प्रयत्नात निघाली. फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधांचा विषय, पहिल्याच वेळी निघाली, त्याचं श्रेय मी त्या वहीला देते. पॅथॉलॉजी, म्हणजे आजारानं शरीरात काय बदल होतात तो विषय, मात्र राहिली.

सर्जिकल वॉर्डात एनबीएमचे बोर्ड आले, मराठीत: 'तोंडाने काही देऊ नये. पाणीसुद्धा नाही.' इन्चार्ज सिस्टरनी स्वतः पुठ्ठे कापून केले. रात्रीच्या राउंडला नातेवाइकांना तोंडी सांगून त्यांच्याकडून तेच परत म्हणवून घेतात. तो माफीनामा अजूनही रेखाच्या फाइलमध्ये आहे. काढून टाकायची विनंती मी दोनदा केली, अजून काही उत्तर नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, पहिल्या पंधरवड्यातच कळू शकलं असतं. इंग्रजीच्या गुणांवर विसंबण्याऐवजी प्रत्येक मुलीच्या हातात नाव झाकलेला एक खरा केस पेपर द्यायचा आणि 'यात काय लिहिलंय, मला मराठीत सांग' एवढंच म्हणायचं. दहा मिनिटं लागतात. यंदा मी माझ्या तुकडीला हे केलं. ज्यांना वाचता आलं नाही त्यात दोघी बारावीला रेखापेक्षा कितीतरी जास्त गुण मिळवलेल्या होत्या.

घरी फोन करण्याचा निर्णय मला सर्वांत जास्त बोचतो. मुलगी अठरा वर्षांची, सज्ञान. चूक तिची असो वा वॉर्डाची, आधी तिच्याशी बोलायला हवं होतं. त्या फोननं एका कुटुंबाचे दोन दिवसांचे पैसे गेले आणि एका मुलीचं शिक्षण संध्याकाळच्या गाडीच्या वेळेवर येऊन टेकलं. वडील वेगळ्या स्वभावाचे असते तर मी हे प्रकरण लिहूच शकले नसते.

चहाच्या घटनेबद्दल माझं मत स्पष्ट आहे. 'द्या थोडा' ही रेखाची चूक होती. न समजलेलं अक्षर पाहून पुढे जाणं नर्सला परवडत नाही आणि तिला ते मी आजही तसंच सांगते. पण पलंगावर बोर्ड नसणं, नातेवाइकांना न सांगणं, हँडओव्हरच्या वेळी विद्यार्थिनी एकटी असणं, तिच्या वहीतला नक्कल केलेला प्लॅन सहीसकट पास होणं, या चार जागांपैकी कुठेही ती अडवली गेली असती. माफीनाम्यात यातली एकही ओळ नाही. फॉर्म भरला असता तर असती.

इंग्रजी शिकवायचंच नाही असं माझं म्हणणं नाही. औषधाच्या बाटलीवर, ऑर्डरवर, मॉनिटरवर इंग्रजीच असतं, आणि ते न वाचता येणं म्हणजे पेशंटचा जीव धोक्यात घालणं. तिला इंग्रजी यायलाच हवं होतं. ते वॉर्डातून, केस पेपरवरून शिकवायला हवं होतं, आणि तिला आधीच कळलेल्या गोष्टीच्या हातात हात देऊन. ती ज्या भाषेत विचार करत होती तिचा आम्ही सुरुवातीला उपयोगच करून घेतला नाही.

एक गोष्ट अजून माझ्या हातात नाही. हे सगळं एका मुलीसाठी केलं तेव्हा माझ्या दिवसाचा तास-दीड तास त्यात जायचा. दुसऱ्या सात-आठ जणींना त्याची तितकीच गरज होती आणि त्यांना तो मिळाला नाही. त्यातली एक दुसऱ्या वर्षी सोडून गेली. तिचं प्रकरण मी लिहू शकत नाही, कारण ती का गेली हे तिला कुणी विचारलं नाही, मीही नाही.

रेखा आता पाचव्या सेमिस्टरला आहे, बालरुग्ण वॉर्डात पोस्टिंग. पाचव्याच्या परीक्षेआधी पॅथॉलॉजी निघायला हवी. पेपर मागच्या आठवड्यात झाला. बाहेर आल्यावर म्हणाली, "इन्फ्लमेशनची आकृती काढली मॅडम, नावं सगळी दिली, दोन वाक्यं राहिली." निकाल लागायचा आहे.